‘बारीक झालीस, किती छान दिसतेस!’

रातराणी

लेक चौदा वर्षांची. गेल्या पाच महिन्यांत तिचं जेवण हळूहळू आटत गेलं आणि ते कळायला सगळ्यात जास्त वेळ मलाच लागला. दिसत होतं, पण लक्षात येत नव्हतं. आधी तिनं गोड सोडलं. मी खूश. मग तळलेलं सोडलं, तेव्हा तर मी चारचौघांत कौतुक केलं. मग रात्री ‘भूक नाही’ सुरू झालं. डबा अर्धा परत यायचा, तो एकदम चाटूनपुसून रिकामा यायला लागला, तेव्हा जिवात जीव आला. परवा तिच्या मैत्रिणीकडून कळलं, की डबा ती वर्गात वाटून टाकते.

गंमत म्हणजे स्वयंपाकाचं वेड लागलंय. तासन् तास पाककृतींचे व्हिडिओ बघते, सुट्टीच्या दिवशी केक करते, प्रत्येकाला आग्रहानं वाढते, समोर बसून आम्ही खाताना बघते. स्वतः तोंडात एक कण टाकत नाही. उकाड्यातही ढगळ जाड कपडे. मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके. पाळी वर्षभर येत होती, आता दोन महिने नाही.

मागच्या आठवड्यात घरी पाहुणे होते. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, “अगं, काय बारीक झालीस! किती छान दिसतेस!” ती लाजून हसत होती. मी तिच्या मनगटाकडे बघत होते.

मी उगाच काळजी करतेय का? घरात सगळ्यांचं म्हणणं तेच आहे.

तिरकस

हो, उगाच. या वयात सगळ्याच मुली डाएट करतात. एक दिवस ताट समोर ठेवून काहीही न बोलता उठून जा. पोटात कावळे ओरडायला लागले की येईल आपोआप. आमच्या वेळी नव्हती ही थेरं.

दवबिंदू

वाचतेय. भाचीचं अगदी असंच चाललंय, केकसकट.

कोरडी_शाई

रातराणी, उगाच नाही. केकचं वाचून अंगावर काटा आला. मी सोळाव्या वर्षी हेच करायचे. पाककृतींची वही होती माझी, रंगीत पेनांनी लिहिलेली, दोनशे पानी. त्यातलं मी काहीच खाल्लेलं नाही.

पुढे उपचारांच्या काळात मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुण पुरुषांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्यांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं, हे शोधायचं होतं. त्या पुरुषांना ना आरशाचं वेड होतं ना बारीक दिसायचं. तरी काही महिन्यांत ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, अन्नाची स्वप्नं बघायला लागले, एकेक घास ताटात चिवडत तासभर बसायला लागले. चिडके झाले, एकलकोंडे झाले, सतत थंडी वाजायची. म्हणजे माझी ती वही हा माझा छंदही नव्हता आणि स्वभावही नव्हता. ती भूक होती. तिरकस, तुमचे कावळे ओरडतच असतात हो, दिवसरात्र. ही मुलगी त्यांचं ऐकायचं नाही असं ठरवून बसलीय आणि रोज त्यात जिंकतेय.

आणि ते कौतुक! मी आजारी होते त्या आठ महिन्यांत मला जितकी शाबासकी मिळाली तितकी दहावीच्या निकालालाही मिळाली नाही. आत्यानं विचारलं होतं, “काय करतेस, मलाही सांग.” बरी व्हायला लागले तेव्हा तीच आत्या म्हणाली, “आता तब्येत सुधारली हं!” त्या वाक्यानं मला पुन्हा दोन महिने मागे नेलं.

सगळ्यांना एक विनंती. या धाग्यावर कुणी किलो आणि कॅलरी लिहू नका. मुली वाचत असतात. मी असे आकडे शोधून शोधून वाचायचे आणि त्यांच्याशी स्पर्धा लावायचे.

तिरकस

आकडे नाही लिहायचे, मग चर्चा कशी करायची? असो. तुमचं प्रकरण गंभीर होतं, मान्य. पण दर डाएटमागे आजार शोधायचा का?

पेशी

(बालरोगतज्ज्ञ आहे. इथं बसून निदान करत नाही.)

दर डाएटमागे नाही. पण खाणं कमी, पाळी बंद, केस गळणं, थंडी, डबा लपवून वाटणं, हे सगळं एकत्र आलं तर त्याला डाएट म्हणत नाहीत. याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

पाळीबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. सुरुवातीची काही वर्षं ती अनियमित असते हे खरं, पण त्या अनियमिततेलाही हद्द असते. दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवस जाऊ शकतात. सलग ९० दिवस आली नाही, तर एकदाच का होईना, तपासायलाच हवं. आणि खाणं घटलेलं दिसत असेल तर ९० दिवस मोजत बसू नका.

आता वाढीबद्दल, कारण घरोघरी घोळ इथंच होतो. वयात येताना मुलीचं वजन वाढतं, कंबर-मांड्या भरतात. हे शरीरानं ठरवून केलेलं काम असतं. उंचीची मोठी झेप पाळी सुरू व्हायच्या आधी येते, पाळीनंतर साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच उंची उरलेली असते. चरबीचं प्रमाण वाढणं हा पाळी सुरू होण्याच्या आणि टिकण्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. नेमकं त्याच वर्षी घरातलं कुणीतरी म्हणतं, “जरा सुटलीस का गं?” आणि हाडांचं म्हणाल, तर आयुष्यभरात हाडं जितकी भक्कम व्हायची असतात, त्यातला जवळजवळ ९० टक्के भाग मुलींमध्ये अठराव्या वर्षापर्यंत भरून झालेला असतो. पाळी बंद पडली की इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि ही भर घालायचं काम थांबतं. नंतर कॅल्शियमच्या गोळ्या गिळून ती सगळी तूट भरून निघत नाही.

बीएमआयचा (उंचीच्या मानानं वजन मोजण्याचा) तक्ता मात्र कृपा करून मोबाइलवर उघडू नका. ते सूत्र १८३०च्या दशकात केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं माणसांच्या समूहांचा अभ्यास करताना मांडलं. मोठ्यांसाठीच्या त्याच्या ठरावीक मर्यादा वाढत्या मुलांना लागू होत नाहीत. मुलांसाठी वयानुसार वक्र, म्हणजे वाढीच्या आलेखावरच्या रेषा, असतात. जागतिक आरोग्य संघटनेचे ५ ते १९ वर्षांचे वक्र २००७ पासून आहेत. तिची जुनी उंची-वजनं जिथून मिळतील तिथून गोळा करा: लसीकरणाचं कार्ड, शाळेची तपासणी, जुने कागद. डॉक्टरांना ती फार कामाला येतात.

वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो कधी: चक्कर येऊन पडली, पाणीही नाकारतेय, छातीत धडधडतं, जागेपणी शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला ५०च्या खाली आहे, किंवा ‘जगून काय करू’ असं काही बोलली, तर. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार, हा मानसिक आजारांमधल्या सर्वात जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. काही मृत्यू हृदयामुळे होतात, काही आत्महत्येमुळे.

चौकोनी

मोबाइलचा विषय कुणीच कसा काढला नाही? २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यात त्यांच्याच संशोधकांनी लिहिलेलं होतं, की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत इन्स्टाग्राममुळे शरीराबद्दलची नाराजी आणखी वाढते. कंपनी म्हणाली, संदर्भ सोडून वाक्य उचललंय. असेलही.

मला त्याहून बोलका वाटतो तो फिजीचा अभ्यास. नाद्रोगा नावाच्या भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथं भरलेलं अंग हे पूर्वापार चांगल्या घराचं लक्षण. ॲन बेकर या संशोधक बाईंनी टीव्ही आल्या आल्या आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींना तीच प्रश्नावली दिली. खाण्याबद्दलच्या वृत्ती काळजी वाटावी इतक्या बिघडलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या आधी एकही नव्हत्या, तीन वर्षांनी ११.३ टक्के. आणि तो साधा टीव्ही होता, संध्याकाळी बघून बंद करायचा. खिशात घेऊन झोपायचा नव्हता, त्यात स्वतःचा फोटोही टाकता येत नव्हता.

तिरकस

किती मुली होत्या त्या अभ्यासात?

चौकोनी

दोन्ही वेळा साठ-पासष्ट. हो, लहान अभ्यास आहे, आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या. त्या तीन वर्षांत टीव्हीखेरीज दुसरंही काही बदललं असेल. तरी शून्यावरून अकरा, हे डोक्यातून जात नाही.

मीच_ती

मी १६ वर्षांची आहे. इथं लिहिलं तर चालेल का माहीत नाही.

मोबाइल काढून घेतला तर काही होणार नाही. आमच्या वर्गात मधल्या सुट्टीत रोज हेच चालतं. ‘मी सकाळपासून काहीच खाल्लं नाही’ असं जी म्हणते तिच्याकडे सगळ्या आदरानं बघतात. ॲपवरचा १६ तासांचा उपास अर्ध्या वर्गाचा चालू आहे. पण खरं सांगू? मला सगळ्यात जास्त लागतं ते आईचं बोलणं. ती मला काही म्हणत नाही. ती स्वतःलाच म्हणते. आरशासमोर पोट आत घेते, ‘शी, काय ध्यान दिसतेय.’ सगळे म्हणतात मी अगदी आईवर गेलेय.

रातराणी

बाळा, लिही गं इथं. चालेल काय, हवंच आहे.

(आणि मी आत्ता पाच मिनिटं नुसती बसून होते. माझ्या आरशासमोरही हेच चालतं.)

शिट्टी

धावण्याचा प्रशिक्षक आहे. एक कबुली देतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका मुलीची वेळ एकदम सुधारली. वजन उतरलं होतं. मी सगळ्या गटासमोर तिला उभं करून म्हणालो, “याला म्हणतात शिस्त.” पुढचा हंगाम संपायच्या आत तिच्या नडगीच्या हाडाला सूक्ष्म फ्रॅक्चर, मग दुसऱ्या पायाला. पाळी सात महिने बंद होती. मी पुरुष प्रशिक्षक, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिनं खेळ सोडला.

खेळाडू मुलींमध्ये कमी खाणं, पाळी जाणं आणि हाडं ठिसूळ होणं हे त्रिकूट १९९०च्या दशकापासून वैद्यकात नावानिशी माहीत होतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं त्याची व्याख्या रुंदावली, कारण यात हृदय, प्रतिकारशक्ती, पचन, मन सगळंच भरडलं जातं, आणि मुलगेही सुटत नाहीत. आम्हा मैदानावरच्या लोकांपर्यंत हे पोचायला उशीर झाला. आता मी गटासमोर कुणाचंही वजन करत नाही. पाळीची नोंद मुली स्वतः ठेवतात आणि चुकली तर आमच्या सहायक बाईंना सांगतात. ‘पाळी गेली म्हणजे सराव जोरात चाललाय’ हा समज मी अजून दर वर्षी खोडतो.

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ. थोडं पोषणाबद्दल, कारण धागा खाण्याचा आहे आणि खाण्याबद्दल कुणी बोलतच नाहीये. :)

१४ ते १८ वयाच्या मुलीला दिवसाला साधारण १५ मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला ११. फरक पाळीचा. कॅल्शियम १३०० मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या आईपेक्षाही जास्त. (हे अमेरिकेतले शिफारशींचे आकडे आहेत. देशोदेशी थोडे बदलतात.) आणि घरात सगळ्यात लहान ताट कुणाचं असतं, बघा. डाळी, कडधान्यं, अंडी, मांस-मासे, हिरव्या भाज्या, सुकामेवा यांतलं घरात जे चालतं ते रोज फिरतं ठेवा. वनस्पतींमधलं लोह अंगी लागायला आंबट फळाची, लिंबाची जोड द्या. चहा-कॉफी जेवणाला चिकटून नको, तासभर लांब. तेल-तूप एकदम बंद करणाऱ्या मुलींना सांगते, की अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट शोषलीच जात नाहीत.

‘हे चांगलं, ते वाईट’ ही भाषा घरातून काढून टाका. पदार्थ पापी झाला की खाणारी पापी होते. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची एक विभागणी मी सगळ्या पालकांना सांगते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं का आणि किती, हे मुलानं. रातराणी, तुम्हीही ताटावरून भांडण थांबवा, तिला तिचं ठरवू द्या.

पेशी

ताटवाटी, निरोगी मुलीसाठी शंभर टक्के मान्य. पण इथं शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. आजार असेल तर ‘किती’ हे ती ठरवत नसते, आजार ठरवत असतो. किशोरवयातल्या ॲनोरेक्सियासाठी ज्या उपचाराला सर्वात भक्कम आधार आहे, तो लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात उभा राहिला. त्यात पहिल्या टप्प्यात जेवणाची सगळी सूत्रं आईवडलांच्या हाती देतात: काय, किती, सगळं. त्याआधी बराच काळ पालकांनाच दोषी धरून मुलीपासून लांब ठेवायची पद्धत होती.

ताटवाटी

बरोबर, चूक माझी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली त्या टप्प्याच्या अलीकडच्या असतात, त्यामुळे बोटं सवयीनं लिहून गेली. रातराणी, माझं शेवटचं वाक्य बाद समजा.

रातराणी

जाऊन आलो. आधी फक्त रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन १२च्या वर, बाकी सगळं मर्यादेत. नवरा म्हणाला, “बघ!” दोन दिवस मीही निश्चिंत. मग ‘पेशी’ यांनी इथं लिहिलेलं वाचून जुने कागद काढले. लसीकरणाचं कार्ड, शाळेची तीन वर्षांची तपासणी, एकदा ताप आला होता तेव्हाची चिठ्ठी. डॉक्टरांनी ते सगळे ठिपके वक्रावर मांडले. तिसऱ्या वर्षापासून तेराव्यापर्यंत ती एकाच रेषेला धरून चाललेली होती, मधल्या रेषेच्या जरा वरच, जणू रेषा तिच्यासाठीच आखलीय. मग एका ठिपक्यानंतर ती रेषा सोडून खाली, आणखी एका रेषेखाली. उंचीही वर्षभर जागच्या जागी.

डॉक्टर म्हणाले, “आजही तिचं वजन वक्राच्या ‘ठीक’ पट्ट्यातच आहे. म्हणून कुणाला दिसलं नाही. पण ती तिच्या स्वतःच्या वाटेवरून घसरलीय.” रक्त शेवटपर्यंत चांगलं येऊ शकतं, असंही म्हणाले. नवरा परत येताना गाडीत गप्प होता.

लेक तो कागद खूप वेळ बघत होती. आम्ही निघालो तेव्हा म्हणाली, “म्हणजे मी जाडी नव्हते?”

कोरडी_शाई

:(

तिरकस

मी मागचं सगळं पुन्हा वाचलं. मला स्वतःची मुलगी आहे, अकरा वर्षांची. मी तिला लाडानं ‘गोलू’ म्हणतो. लाडानंच हो. पण आता विचारतो, वाकड्यात घेऊ नका: मग कौतुक करायचंच नाही का? मुलगी छान दिसली तर छान म्हणायचं नाही?

कोरडी_शाई

म्हणा की! रंग खुलून दिसतोय म्हणा, केस झकास कापलेत म्हणा, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलीस म्हणा. फक्त मापाबद्दल नको, कमी झाल्याचंही नको आणि वाढल्याचंही नको. ‘गोलू’बद्दल तिलाच विचारा. माझे बाबा मला ‘टुणटुणीत’ म्हणायचे. मी हसायचे. बाबांचं मन मोडू नये म्हणून हसायचे.

तिरकस

विचारलं. “नाही आवडत” म्हणाली. लगेच म्हणाली. वाटच बघत असल्यासारखी.

रातराणी

अडीच महिने झाले. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय.

सोपं नाही. दिवसातून सहा वेळा तिच्यासोबत बसायचं. पहिल्या आठवड्यात ताट भिंतीवर गेलं. “तू माझी आई नाहीस, जेलर आहेस.” एकेका जेवणाला पन्नास मिनिटं. समुपदेशक म्हणाल्या, तेव्हा वाद घालू नका, आहारशास्त्र समजावू नका, “मला माहितीय कठीण आहे, पुढचा घास घे” एवढंच म्हणा. मी ते इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणते असं नवरा सांगतो. त्यानं ऑफिसातून दुपारची वेळ मागून घेतलीय, दुपारचं जेवण त्याच्याकडे. जेवणानंतर अर्धा तास पत्ते खेळतो, तिला एकटीला मोरीकडे जाऊ द्यायचं नसतं. ती पत्त्यांत आम्हाला हरवते.

वजनकाटा घरातून गेला. दवाखान्यात वजन करतात तेव्हा ती काट्याकडे पाठ करून उभी राहते. आरशासमोरचं माझं बोलणं बंद केलंय, पोट अजून आत जातं सवयीनं.

पाळी अजून नाही. चिडचिड मात्र कमी आहे. परवा केक केला आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःसाठी एक तुकडा घेतला. लहान होता. मी दुसरीकडे बघत राहिले.

पाहुण्यांना यायच्या आधी फोन करून सांगते, की तिच्या दिसण्यावर एक शब्दही नको. दोघी रागावल्यात. मावशी म्हणाली, “मग बोलायचं तरी काय?” मी म्हटलं, तिच्याशी पत्ते खेळ.

मीच_ती

काकू, तिला सांगा मला पण पत्ते आवडतात.

मी आईला हा धागा पाठवला. तिनं वाचलाय, ‘पाहिलं’ असं दिसतंय. अजून काही बोलली नाहीये.

घारू

आजच वाचला धागा. सगळं मुलींबद्दल चाललंय, पण माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दिवसाला चार वेळा प्रोटीन पावडर, बाकी जेवण बंद, दर तासाला दंड मोजतो. हे यातच येतं का? की वेगळा धागा काढू?

पेशी

यातच येतं. पण वेगळा काढा, नाहीतर इथं हरवेल. दुवा इथं टाका.